श्रवणसुखाचा जमाखर्च

(बी. कॉम., अंतिम वर्ष)

"ह्यात गाणं असतंय काय रे?"

आईने हा प्रश्न विचारला तेव्हा मी टेबलावरची एक काळी, जड, ॲल्युमिनियमची पेटी मऊ फडक्याने पुसत होतो. पेटीला समोर आवाजाची एक मोठी चकती, एक पिवळा दिवा आणि हेडफोनची पिन घालायचे भोक. मागे विजेची तार आणि गाणे आत नेणाऱ्या दोन तारा. एवढेच.

"नाही गं, गाणं मोबाइलात असतंय."

"आणि ऐकतोस त्या कानावरच्यातनं."

"हो."

"मग मधलं हे काय करतंय?"

वाचकहो, वाणिज्य शाखेत तीन वर्षे काढलेल्या माणसाला मध्यस्थ ही संस्था काही नवीन नाही. आपल्या रविवार पेठेतला अडत्या शेतकरी आणि दुकानदार यांच्या मधोमध बसतो आणि अडत घेतो. पण तो माल ठेवून घेतो, उधारी सांभाळतो, गिऱ्हाईक शोधून देतो. तू काय केलेस, असे कोणी विचारले तर त्याच्याजवळ उत्तर असते. माझ्या पेटीने माझ्याकडून ३४,००० रुपये अडत घेतली होती आणि ती नेमके काय करते हे मला माझ्या आईला धड सांगता आले नाही. "आवाज सुधारतंय," असे काहीतरी मी पुटपुटलो. "बरं," म्हणून ती कुकर लावायला गेली. प्रस्तुत लेख म्हणजे तिच्या प्रश्नाला दिलेले उत्तर होय. द्यायला चार महिने उशीर झाला, इतकेच.

पेटीचे नाव हेडफोन अँप्लिफायर. मोबाइलमधून किंवा संगणकातून गाण्याचे जे विजेच्या रूपातले चित्र बाहेर येते ते फार अशक्त असते, त्याला बळ देऊन हेडफोनमधला पडदा हलवायला लावायचा, हे तिचे काम. प्रत्येक मोबाइलमध्ये, प्रत्येक रेडिओत असा एक अँप्लिफायर असतोच. १९७९ साली सोनीने वॉकमन काढला त्याच्या पोटातही तो होता. पण हौशी माणसाला पोटातला चालत नाही. त्याला तो वेगळा, जड आणि महाग असा लागतो. त्यांच्या किमती काही हजारांपासून काही लाखांपर्यंत आहेत. माझी पेटी जुनी, दुसऱ्याने वापरलेली. नवी घेतली असती तर जवळपास दुप्पट पडली असती. कंपनीचे नाव मी सांगत नाही, कारण तिचा काही अपराध नाही. अपराध कोणाचा ते पुढे येईलच.

हा नाद लागला त्याला कारण माझा मावसभाऊ. तो बेंगळुरूला नोकरीला आहे. त्याने बिनतारी हेडफोन घेतला आणि आपला जुना सेनहायझर एच. डी. ६०० मला देऊन टाकला. हा हेडफोन १९९७ साली बाजारात आला आणि अजूनही त्याच नावाने विकला जातो. आमच्या घरातली बहुतेक यंत्रे इतकी टिकत नाहीत. माझ्या मोबाइलला पिनचे भोक नाही, म्हणून मी एक करंगळीएवढी जोडणी आणली आणि ऐकायला बसलो. पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. मल्लिकार्जुन मन्सूर तान संपवून श्वास घेतात तो श्वास मी प्रथमच ऐकला.

इथेच थांबलो असतो तर हा लेख झाला नसता. पण मी वाचू लागलो. आणि जिथे जावे तिथे एकच उपदेश: हा हेडफोन भुकेला आहे, मोबाइलच्या जोडणीवर तो उपाशी राहतो, त्याला मोठा अँप्लिफायर दिल्याशिवाय तुला त्याचा अर्धाच आवाज ऐकू येतो आहे. मग लोक सांगत, अमुक पेटी लावली आणि गायकासमोरचा पडदा सरकला. तमुक पेटी लावली आणि सुरांच्या मागची शांतता काळीभोर झाली. कोणाला आवाज रेशमी लागला, कोणाला मधासारखा. हे सगळे मी इंग्रजीत, शब्दकोश शेजारी ठेवून वाचत होतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजी विशेषणांचे जरा जास्तच अप्रूप असते. एकाच वाक्यात तीन विशेषणे आली की ती गोष्ट सिद्धच झाली, असे त्याला वाटते. निदान मला वाटले.

पैसे माझेच होते. एका कर सल्लागाराच्या कार्यालयात मी दोन वर्षे संध्याकाळी व्हाउचर लिहायचे आणि जी. एस. टी. ची विवरणपत्रे भरायचे काम केले, त्यातून साठवलेले. पण 'माझेच' या शब्दात थोडी लबाडी आहे. ते पैसे सी. ए. च्या शिकवणीसाठी बाजूला ठेवले होते. मी घरी सांगितले की शिकवणी पुढच्या तुकडीला धरतो. बाबा म्हणाले, "तुझं तू बघ." आमच्या घरात याहून कडक शब्द वापरत नाहीत.

आता गणित. हे मी पैसे देण्याआधी करायला हवे होते, आईने विचारल्यावर केले. कोणाही बारावी पास मुलाला ते दहा मिनिटांत करता येते.

हेडफोनच्या कागदावर दोन आकडे असतात. एक, त्याचा विजेला होणारा रोध, तो ओममध्ये मोजतात. दुसरा, एक मिलिवॉट शक्ती दिली तर तो किती डेसिबल आवाज काढतो. एच. डी. ६०० चा रोध ३०० ओम आणि आवाज ९७ डेसिबल. शक्ती दसपट केली की आवाज १० डेसिबलने वाढतो आणि दुप्पट केली की ३ ने. म्हणजे १० मिलिवॉटला १०७ आणि २० मिलिवॉटला ११० डेसिबल. ११० म्हणजे कानाला धोका पोहोचवणारा आवाज. गाण्यात तो क्षणभर, एखाद्या तबल्याच्या थापेपुरता आला तर आला. आता ३०० ओममध्ये २० मिलिवॉट घालायला दाब किती लागतो? जवळजवळ अडीच व्होल्ट. झाले! या 'भुकेल्या' हेडफोनची सगळी भूक अडीच व्होल्ट आणि २० मिलिवॉट एवढीच. माझी पेटी त्याच्या शंभरपटीहून अधिक द्यायला तयार होती. म्हणजे घरात चार माणसे आणि मी लग्नाचे पातेले विकत आणले होते.

आणि करंगळीएवढी जोडणी? तिच्यातून जास्तीत जास्त एक व्होल्ट बाहेर येतो. एका व्होल्टला हा हेडफोन सुमारे १०२ डेसिबल देतो. हे सर्वांत मोठ्या क्षणाचे झाले. गाण्याची सरासरी पातळी त्याच्या पंधरा-वीस डेसिबल खाली असते असे धरा, म्हणजे ८२ ते ८७. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सुरक्षित ऐकण्याची जी मर्यादा घालून दिली ती प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे आणि त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. तेव्हा जोडणीचा आवाज पूर्ण सोडून मी रोज ऐकत बसलो तर माझे कान उपाशी मरणार नाहीत, उलट अजीर्णाने जातील.

मात्र इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, नाहीतर वाचक म्हणतील की कोल्ह्याला द्राक्षे आंबट. सगळे हेडफोन असे नसतात. हायफायमन कंपनीचा सुस्वरा नावाचा हेडफोन आहे. नाव आपल्याकडचे वाटते, कंपनी चिनी. तो ६० ओमचा आणि एका मिलिवॉटला फक्त ८३ डेसिबल. त्याला ११० ला पोहोचवायचे तर २७ डेसिबल वर चढावे लागते, म्हणजे ५०० मिलिवॉट आणि साडेपाच व्होल्ट. इथे मोबाइलची जोडणी खरोखरच गुडघे टेकते आणि पेटी लागतेच. स्टॅक्ससारखे स्थिर विजेवर चालणारे हेडफोन तर शेकडो व्होल्ट मागतात. त्यांची पेटी वेगळी, पिनही वेगळी. कानाच्या आत बसणाऱ्या छोट्या हेडफोनांचे याच्या उलट असते. ते इतके तिखट असतात की ताकदवान पेटीची स्वतःची खरखर त्यांत ऐकू येते. त्यांना शक्ती नको, शांतता हवी.

आणखी एक आकडा जाहिरातीत सहसा ठळक नसतो, पण माझ्या मते निवड करताना तो आधी विचारावा. पेटीचा स्वतःचा, बाहेर पडतानाचा रोध. एच. डी. ६०० चा ३०० ओम हा नुसता नावाचा आकडा आहे. खालच्या सुरांत, साधारण १०० हर्ट्झच्या आसपास, तो ५०० च्या वर जातो. पेटीचा रोध एक-दोन ओम असेल तर काही बिघडत नाही. पण काही व्हॉल्व्हच्या पेट्यांचा तो शंभर ओमच्या घरात असतो. मग विजेची वाटणी सुरासुराला वेगळी होते आणि खर्ज एखादा डेसिबल वर उचलला जातो. ऐकणारा म्हणतो, वा, व्हॉल्व्हचा आवाज किती उबदार! ऊब खरी आहे, कानाला गोडही लागते. पण ती भागाकारातून आलेली आहे. ज्याला ती हवी त्याने खुशाल घ्यावी. कशाचे पैसे देतो हे मात्र ठाऊक असावे.

तर गणिताने सांगितले की माझ्या पेटीचे मला काम नाही. पण मी तर दोन महिने फरक ऐकत होतो! रोज रात्री दहा वाजता दिवा मालवून, दार लोटून मी बसत असे. अंधारात पेटीचा पिवळा दिवा तेवढा दिसे. कुमार गंधर्वांचा जन्म इथल्या सुळेभावीचा, १९२४ चा. मन्सूर धारवाडशेजारचे. कानडी घरातल्या गायकाने मराठी नाट्यपद गावे आणि मराठी घरात बसून कन्नड वचने ऐकावीत, असा आपला मुलूख. हे सगळे त्या पेटीतून मला नव्याने मिळते आहे, अशी माझी खात्री होती. पुन्हा जोडणी लावून पाहिली की आवाज कसा फिका, अंग चोरून बसल्यासारखा. कान खोटे बोलतील काय?

हा प्रश्न मी माझ्या मित्राला विचारला. तो बी. एस्सी. ला आहे, इलेक्ट्रॉनिक्स घेऊन. (याच अंकाच्या कन्नड विभागात त्याची कविता आहे, जरूर वाचा.) त्याने आधी माझ्याकडे आणि मग पेटीकडे पाहिले. "डोळं मिटून काय ऐकूलालास रे एवढं? डोळं मिटून ओळखून दाव की."

त्याने चिवड्याच्या एका रिकाम्या डब्यात दुहेरी स्विच बसवला. रचना साधी होती. मोबाइलच्या जोडणीतून निघालेल्या गाण्याला दोन वाटा केल्या. एक थेट हेडफोनला, दुसरी माझ्या पेटीतून फिरून हेडफोनला. स्विच इकडे केला की नुसती तार, तिकडे केला की तार आणि ३४,००० रुपये. उत्तम अँप्लिफायर म्हणजे आवाज मोठा करणारी सरळ तार, अशी या विषयातल्या जुन्या जाणत्यांची व्याख्याच आहे. तेव्हा तारेशी तुलना करणे पेटीचा अपमान नव्हे.

पहिल्या फेरीत मी पेटीची चकती माझ्या रोजच्या खुणेवर ठेवली. मित्र पाठीमागे बसून नाणे उडवी आणि छापा-काट्याप्रमाणे स्विच फिरवी. मी दहापैकी दहा वेळा बरोबर ओळखले. माझी छाती फुगली. त्याने काही न बोलता मल्टिमीटर काढला आणि ६० हर्ट्झचा एकसुरी आवाज लावून दोन्ही वाटांचा दाब मोजला. (साध्या मल्टिमीटरला घरच्या विजेच्या जवळपासची आवर्तनेच नीट मोजता येतात, म्हणून साठ.) तारेतून ०.५० व्होल्ट, पेटीतून ०.६३. म्हणजे पेटी दोन डेसिबलने मोठी वाजत होती.

दोन डेसिबल हा फरक चमत्कारिक आहे. तो 'आवाज मोठा झाला' असा जाणवतोच असे नाही, तो 'आवाज चांगला झाला' असा जाणवतो. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून ठेवले आहे की आवाजाची पातळी बदलली की आपल्या कानाला खर्ज आणि बारीक सूर यांचे प्रमाणही बदललेले लागते. थोडे मोठे केले की खर्ज भरतो, तंबोऱ्याची जवारी उठून दिसते, सगळे जवळ आल्यासारखे होते. पडदा सरकतो म्हणतात तो असा. आपल्याकडे कापड दुकानदार साडी दाखवताना वरचा दिवा लावतो ना, तसेच.

मग चकती तसूतसूने फिरवून दोन्ही वाटांचा दाब एकसारखा केला आणि दुसरी फेरी घेतली. सोळा वेळा. आमच्या संख्याशास्त्राच्या तासाला शिकवले त्याप्रमाणे, सोळापैकी बारा किंवा अधिक बरोबर यावेत हे नुसत्या नशिबाने शंभरातून चारदाच घडते. तेव्हा बारा ही उत्तीर्ण होण्याची रेघ ठरली. मन्सूर लावले. तान, श्वास, सारंगी, सगळे ओळखीचे. स्विच फिरे आणि मी कान ताणून बसे. पहिल्या दोन-तीन वेळा ठामपणे बोललो. पाचव्या वेळी घाम आला. मला कळेना की मी काय शोधतो आहे. रेशीम कुठे होते? काळीभोर शांतता कोणती? दोन्हीकडे मन्सूरच गात होते.

सोळापैकी नऊ. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी शंभरातून चाळीस वेळा नऊ किंवा जास्त आले असते. मग मित्र बसला. त्याचे तंत्र सोपे होते. दर वेळी तो "गोत्तिल्ला!" म्हणे आणि मग मी दटावल्यावर काहीतरी एक सांगे. त्याला सात मिळाले.

ही काही मोठी परीक्षा नव्हती, हे मान्य. दोन मुले, एक हेडफोन, चिवड्याचा डबा. पण ज्यांनी मोठ्या परीक्षा घेतल्या त्यांचेही सांगणे वेगळे नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तेच श्रोते आणि तेच स्पीकर होते. समोर पाहून ऐकताना दिलेले गुण आणि पडद्याआड ठेवून ऐकताना दिलेले गुण यांत मात्र ठळक अंतर पडले. आणि त्या श्रोत्यांत अननुभवी होते तसे जाणकारही होते. आपण कानांनी ऐकतो असे म्हणतो, पण डोळे आणि पाकीट हे दोघेही शेजारी बसून ऐकत असतात.

मला वाटते, या प्रांतात सर्वांत जास्त शिकण्यासारखी गोष्ट २०११ सालची आहे. नॅव्हगाय अशा अर्धवट टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अभियंत्याने ओ-टू नावाच्या हेडफोन अँप्लिफायरचा आराखडा जगाला फुकट देऊन टाकला. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, बाजारात सहज मिळणाऱ्या स्वस्त चिप, बस्स. प्रत्येक गोष्ट मोजून, आकडे छापून. त्याचा दावा असा की माणसाच्या कानाला ऐकू येईल असा कोणताही दोष यात उरलेला नाही, आणि ज्याला पटत नाही त्याने आवाज समान करून, न बघता ओळखून दाखवावे. महागड्या पेट्यांवर त्याने बरीच टीका केली, वादही पुष्कळ ओढवून घेतले. २०१२ साली तो लिहायचा एकाएकी थांबला आणि नाहीसा झाला. तो कोण होता हे आजवर उघड झालेले नाही. आराखडा मात्र राहिला आणि लहान-मोठ्या उत्पादकांनी त्यावरून पेट्या करून विकल्या. ज्याने भांडवल घातले नाही, नफा घेतला नाही, नावही घेतले नाही, अशा उत्पादकाला कुठल्या प्रकरणात बसवायचे हे आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला सेनहायझरची ऑर्फियस आहे. १९९१ साली त्यांनी हेडफोन आणि त्याचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर अशी जोडी काढली, अवघे ३०० नग. २०१५ साली तिचा नवा अवतार जाहीर झाला. पेटी इटलीतल्या करारा संगमरवराची, चालू केली की काचेच्या आवरणातले आठ व्हॉल्व्ह हळूहळू वर उगवतात, किंमत तेव्हा सुमारे ५०,००० युरो. तो हेडफोन स्थिर विजेचा असल्याने त्याला खास अँप्लिफायर लागतो, ते न्याय्यच. संगमरवर कंपने शोषतो, असे कंपनी म्हणते. मला मात्र ते चित्र पाहून देवळातल्या गाभाऱ्याची आठवण झाली. व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली लिहून ठेवले की काही वस्तू लोक दुसऱ्यांना दिसाव्यात म्हणून घेतात आणि तिथे महागपणा हाच गुण ठरतो. मी मनात म्हटले, माझे तसे नाही बुवा, मी पेटी कोणाला दाखवलीच नाही. पण विचार केल्यावर लक्षात आले, रोज रात्री अंधारात पिवळा दिवा लावून मी ती एका माणसाला दाखवत होतोच.

महाग पेटीत काहीच नसते असे माझे म्हणणे नाही. स्वस्त पेटीची चकती अगदी कमी आवाजावर असताना डावा कान मोठा आणि उजवा लहान वाजतो, चांगल्या पेटीत तसे होत नाही. बंद-चालू करताना कानात धाडकन आवाज येत नाही. आतले काही जळाले तर हेडफोन वाचतो. ती दहा-पंधरा वर्षे चालते. हे सगळे गुण खरे आहेत आणि त्यांचे पैसे द्यावेत. पण ते पंख्याच्या किंवा मिक्सरच्या गुणांसारखे आहेत. त्यांना रेशमी म्हणू नये. आणि ज्याचा हेडफोनच वाईट आहे त्याने तर पेटीकडे बघूही नये. हेडफोन बदलला की आवाज इतका बदलतो की चिवड्याच्या डब्याची गरज लागत नाही.

शिवाय आपण ऐकतो काय, हाही प्रश्न आहेच. मन्सूरांच्या तरुणपणीच्या गाण्यांच्या लाखेच्या तबकड्या जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांच्या. त्यांत गाण्याचा सर्वांत मोठा आवाज आणि तबकडीची स्वतःची खसखस यांच्यामध्ये फारतर चाळीस डेसिबलची जागा. त्यानंतरची कितीतरी मोलाची गाणी आकाशवाणीच्या फितींवर किंवा एखाद्या हौशी रसिकाने मैफिलीत बसून घेतलेल्या कॅसेटवर उरली आहेत. शंभरावर डेसिबलची स्वच्छता मिरवणारी पेटी या खसखशीपुढे काय करणार? ती खसखस अत्यंत शुद्ध स्वरूपात कानापर्यंत पोहोचवणार.

परीक्षेनंतरच्या रविवारी आजोबा खोलीत आले. त्यांना हल्ली थोडे कमी ऐकू येते. तरुणपणी ते भजनी मंडळात तंबोरा धरायचे आणि घरच्या व्हॉल्व्हच्या रेडिओवर धारवाड केंद्र लावायचे. मी हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला. पेटी नव्हे, करंगळीएवढी जोडणीच लावली होती. गाणे म्हणजे एका जुन्या मैफिलीचे ध्वनिमुद्रण. मी आणि मित्राने याच गाण्यावर रेशीम आणि पडदे शोधले होते, किमान वीस वेळा तरी. आजोबा डोळे न मिटता, खिडकीबाहेर बघत दोन मिनिटे ऐकत राहिले. मग म्हणाले, "तंबोऱ्याचा पंचम उतरलाय की रे."

मी हेडफोन घेऊन ऐकले. मला काही कळेना. पुन्हा त्यांना दिला. थोड्या वेळाने त्यांनी हात वर केला, "हां, आता लावून घेतला बघ." ती जागा मी मागे नेऊन ऐकली. गाण्याच्या मागे, अगदी बारीक, खुंटी पिळल्याचा आणि तार दोनदा छेडल्याचा आवाज होता. तो माझ्या पेटीतूनही येतच असणार. वीसही वेळा आला असणार.

त्यानंतर मी पेटी विकायला काढली. हुबळीच्या एका गृहस्थांनी घेतली. घेण्यापूर्वी ते आमच्याकडे आले, हेडफोन लावला आणि पाच मिनिटांत म्हणाले, "वा! पडदा सरकल्यासारखं वाटतंय." चकती कुठल्या खुणेवर आहे ते मी पाहिले. मी त्यांना दोन डेसिबलची सगळी हकीकत सांगितली, चिवड्याचा डबाही दाखवला. ते हसले आणि म्हणाले, "तुमचे कान अजून लहान आहेत." मग त्यांनी पैसे मोजले. मी सांगायचे ते सांगितले होते, तरीही त्या व्यवहारात मला बरे वाटले नाही.

पेटी गेल्यावर आठ-दहा दिवस मी रात्री दहाला बसलोच नाही. ती असताना बसत होतो. ३४,००० रुपये फुकट जाऊ नयेत म्हणून का होईना, रोज तासभर मोबाइल उलटा ठेवून गाणे ऐकत होतो. पेटीने मला खरोखर काही दिले असेल तर तो तास. आता पुन्हा बसायला लागलो आहे. शनिवारी आजोबाही येतात. एक हेडफोन आणि दोन माणसे, त्यामुळे आलटून पालटून ऐकावे लागते. पंचम उतरलेला मला अजून ओळखता येत नाही.

जमाखर्च असा. खरेदी ३४,०००, विक्री २९,५००, तोटा ४,५००. शिकवणीच्या नव्या तुकडीचे शुल्क ३४,००० च होते. कमी पडलेले साडेचार हजार बाबांनी कपाटातून काढून दिले. कशाचे कमी पडले ते त्यांनी विचारले नाही.